तिसरी तार : बिग जिम सलिव्हन स्मरण-सत्राच्या प्रकल्प नोंदी

रविवार, ११ ऑगस्ट २०२४

आमच्या श्रवण-मंडळाचे ऑक्टोबरचे सत्र माझ्याकडे आले आहे. वेळ दीड तास, जागा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची नेहमीची खोली, तारीख २ ऑक्टोबर. गांधी जयंतीची सुट्टी असल्याने सर्वांच्या सोयीची. विषय सुचवला तेव्हा बैठकीत क्षणभर कोणी काही बोलले नाही, कारण बिग जिम सलिव्हन या ब्रिटिश स्टुडिओ-गिटारवादकाचे नाव तिथल्या चौदा जणांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. ज्यांना रॉक गिटारवादक जिमी पेज तोंडपाठ आहे आणि ज्यांनी कॉलेजच्या दिवसांत डीप पर्पल या रॉक बँडच्या कॅसेटी झिजवल्या, त्यांनाही नव्हते. विषय मंजूर झाला तो बहुधा याच कारणाने.

सलिव्हन २ ऑक्टोबर २०१२ रोजी वारले, म्हणून ही तारीख मागून घेतली. घरी येऊन कालनिर्णय पाहिले, तर यंदा त्याच दिवशी सर्वपित्री अमावस्या निघाली, म्हणजे ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचेही स्मरण करण्याचा दिवस. ज्याला लाखो लोकांनी ऐकले आणि ज्याचे नाव त्यांतल्या फारच थोड्यांना कळले, अशा वादकासाठी हा दिवस अगदी नेमका आहे. तरी हे वाक्य सत्रात बोलायचे नाही, असे आजच लिहून ठेवते. चमकदार योगायोगाने सुरुवात केली की पुढचा तासभर त्याच तोऱ्यात बोलावे लागते.

गुरुवार, १५ ऑगस्ट २०२४

सुट्टीचा दिवस आराखड्यात गेला. जन्म १४ फेब्रुवारी १९४१, लंडनच्या पश्चिमेला अक्सब्रिज येथे. मूळ नाव जेम्स जॉर्ज टॉम्किन्स. चौदाव्या वर्षी गिटार हातात आली आणि दोनेक वर्षांत तो त्याचा धंदा झाला. हा काळ लक्षात घेतला पाहिजे. १९५६ मध्ये लॉनी डोनेगनच्या गाण्यांनी ब्रिटनमध्ये स्किफल या घरगुती वाद्यांवरच्या संगीताचे वेड पसरले होते, चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी आणि दोरी लावून त्याचा बास केला जात होता, आणि हजारो मुले स्वस्तातल्या गिटारींवर तीन कॉर्ड शिकत होती. त्यांतली बहुतेक तीन कॉर्डांवरच थांबली. हा मुलगा थांबला नाही.

अडचण पहिल्याच दिवशी समोर आली. सलिव्हन यांच्याविषयीच्या मजकुरात एक आकडा पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे विक्रीच्या यादीत पोहोचलेल्या सुमारे साडेसातशे गाण्यांत त्यांची गिटार आहे. हा आकडा पडताळायचा म्हटले तर हाताशी कागदच नाही, कारण त्या काळच्या ब्रिटिश तबकडीवर गायकाचे, गीतकाराचे, फार तर वाद्यवृंद-संचालकाचे नाव असे. पैसे घेऊन तीन तास वाजवून गेलेल्या वादकाचे नसे. परिणामी एकाच प्रसिद्ध गाण्यातला गिटारचा तुकडा आपला असल्याचे दोन-दोन, तीन-तीन वादकांनी उतारवयात सांगितलेले आढळते, आणि त्यांतला कोणी खोटे बोलत असेलच असेही नाही. दिवसाला तीन-तीन ध्वनिमुद्रणे केलेल्या माणसाला चाळीस वर्षांनंतर कोणता मंगळवार आठवणार?

निर्णय : ज्या गाण्यांवर एकाहून अधिक वादकांचा दावा आहे ती सत्रात ऐकवायची नाहीत. यादी छोटी होईल. होऊ दे.

रविवार, १८ ऑगस्ट २०२४

पहिला भाग लिहून काढला. स्थळ : ५९, ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीट, सोहो, लंडन. तिथे ‘टू आय्‌ज’ नावाचा कॉफी-बार होता आणि त्याच्या तळघरात, जेमतेम उभे राहायला जागा असलेल्या खोलीत, ब्रिटिश रॉक अँड रोलची पहिली पिढी घामाघूम होत होती. नावातले दोन ‘आय’ म्हणजे जागेचे आधीचे मालक, इराणी आडनावाचे भाऊ. इराण्याच्या हॉटेलात बन-मस्का खात वाढलेल्या पुणेकरांना हा तपशील सांगितला तर खोली लगेच सैलावेल, त्यामुळे तो ठेवला आहे.

याच ठिकाणी सलिव्हन यांची गाठ मार्टी वाइल्ड या गायकाशी पडली आणि ते त्याच्या ‘वाइल्डकॅट्स’ या साथीदार-संचात गेले. संच असा होता : सलिव्हन मुख्य गिटारवर, टोनी बेल्चर ऱ्हिदमवर, ब्रायन ‘लिकरिश’ लॉकिंग बासवर आणि ब्रायन बेनेट ड्रम्सवर. यांतले शेवटचे दोघे पुढे शॅडोज या अधिक प्रसिद्ध संचात गेले. जॅक गुड हा निर्माता दूरचित्रवाणीवर तेव्हा तरुणांसाठी जे धडाकेबाज कार्यक्रम करत होता, त्यांत ही मुले दर आठवड्याला दिसू लागली.

गिटारची गोष्टही याच भागात येते. डॉलर वाचवण्यासाठी ब्रिटनने १९५१ पासून १९५९ पर्यंत अमेरिकी वाद्यांची आयात जवळजवळ बंद ठेवली होती, त्यामुळे गिब्सन किंवा फेंडर गिटार ही दुकानाच्या काचेतून पाहण्याचीही वस्तू नव्हती; ती छायाचित्रात पाहायची. अशा काळात वाइल्डने सिस्टर रोझेटा थार्प या अमेरिकी गॉस्पेल गायिका-गिटारवादक बाईंकडची गिब्सन कंपनीची लेस पॉल ही विजेची गिटार मिळवली आणि ती आपल्या गिटारवादकाच्या हाती दिली. इंग्लंडमध्ये वाजलेली ती पहिली लेस पॉल, असे म्हटले जाते. पहिली की तिसरी, या वादात मला रस नाही. चर्चमध्ये उभे राहून विजेची गिटार कडाडून वाजवणाऱ्या एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या हातची गिटार अक्सब्रिजच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराकडे येते, हीच वाट मला पाहावीशी वाटते, कारण ब्रिटिश रॉकचे सगळे पाणी याच नळातून आलेले आहे.

शनिवार, २४ ऑगस्ट २०२४

सत्राचा कणा सापडला, असे वाटते.

जानेवारी १९६० मध्ये एडी कॉक्रन हा एकवीस वर्षांचा अमेरिकी गायक-गिटारवादक जीन व्हिन्सेंटसोबत ब्रिटनच्या दौऱ्यावर आला आणि त्याच्या साथीला वाइल्डकॅट्स दिले गेले. गावोगावची थिएटरे, रोजचे खेळ, हिवाळ्यातला प्रवास, असे तीन महिने गेले. कॉक्रनच्या नारिंगी ग्रेच गिटारचे सर्वांना अप्रूप होते, पण खरी जादू गिटारीत नव्हती, तिसऱ्या तारेत होती. त्या वेळच्या बाजारी संचात गिटारची तिसरी तार वेढ्यांची असे, म्हणजे मधल्या पोलादी तारेवर बारीक तारेचे दाट वेढे गुंडाळलेले असत. ती जाड, ताठ तार बोटाने ढकलली तरी स्वर फारसा वर चढत नसे. कॉक्रनने ती काढून तिथे दुसऱ्या क्रमांकाची साधी, वेढे नसलेली तार चढवली होती. एवढ्याने तो तिसऱ्या तारेवरचा स्वर सहज पूर्ण स्वरभर वर खेचू शकत होता, आणि अमेरिकी तबकड्यांवर ऐकू येणारी जी हाक इंग्रज पोरांना बोटे सोलवटली तरी साधत नव्हती, ती त्याला विनासायास येत होती.

ज्या तरुणांना हे जवळून पाहायला मिळाले त्यांचा पुढचा धंदाच या एका तारेने बदलला. जो ब्राउन हा त्यांतला दुसरा गिटारवादक. त्यानेही ही युक्ती उचलली आणि तिच्या जोरावर ध्वनिमुद्रणाची कामे मिळवली. सलिव्हन तर रोज रात्री कॉक्रनपासून चार पावलांवर उभे राहून वाजवत होते.

दौऱ्याचा शेवट सगळ्यांना माहीत आहे. १६ एप्रिल १९६० च्या रात्री ब्रिस्टल हिपोड्रोममधला शेवटचा खेळ संपवून टॅक्सीने लंडनकडे निघालेला कॉक्रन चिपनहॅमजवळ अपघातात सापडला आणि दुसऱ्या दिवशी बाथच्या रुग्णालयात वारला. सत्रात हे दोन वाक्यांत सांगायचे. अपघाताभोवती घुटमळण्याचा मोह होतो, पण आपल्याला पुढे जायचे आहे. तार मागे राहिली.

शनिवार, ३१ ऑगस्ट २०२४

प्रात्यक्षिकासाठी वेढ्यांच्या तिसऱ्या तारेचा जुन्या धर्तीचा संच मागवला होता. तीन दिवस उशिरा पाकीट आले आणि उघडून पाहते तो आत सतरा गेजची, म्हणजे इंचाच्या सतरा सहस्रांश जाडीची, साधी तिसरी तार. आज वेढ्यांची तार मागणारे गिऱ्हाईकच उरले नसल्याने विक्रेत्याने बहुधा न वाचताच नेहमीचा संच टाकला असावा. फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, “मॅडम, हीच बरोबर आहे, थर्ड प्लेनच असते.” कॉक्रनचा विजय याहून स्पष्ट शब्दांत कोणी सांगितला नसता, त्यामुळे रागावणे जमले नाही. जाझ वाजवणाऱ्या एका मित्राच्या कपाटात चोवीस गेजची वेढ्यांची तार मिळाली.

आता मोजमाप. दोन गिटारी घेतल्या, तारेची लांबी दोन्हींची सारखीच. एकीवर चोवीसची वेढ्यांची, दुसरीवर सतराची साधी. दोन्हींवर नवव्या फ्रेटपाशी, म्हणजे पडद्यापाशी, बोट ठेवून तार पट्टीवर आडवी एक सेंटिमीटर ढकलली आणि ट्यूनर पाहिला. साधी तार दीड अर्धस्वराच्याही थोडी वर गेली. आणखी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर ढकलले की पूर्ण स्वर मिळतो. वेढ्यांची तार तेवढ्याच अंतरात एका अर्धस्वरालाही पोहोचली नाही. कोमल गांधारावरून शुद्ध गांधाराकडे निघालेला माणूस वाटेतच दम लागून बसावा, तसे ते ऐकू येते : ना हा स्वर, ना तो.

कारण दुहेरी आहे आणि ते सत्रात फळ्यावर काढून दाखवणार आहे. वेढ्यांच्या तारेत ताण सोसते ती फक्त मधली बारीक तार. वेढे वजन वाढवतात, ताण घेत नाहीत. म्हणून तेवढ्याच ढकलण्याने तिचा ताण कमी वाढतो. शिवाय वजन जास्त असल्याने मुळात तोच स्वर मिळवायला ती अधिक ताणून लावावी लागते, त्यामुळे त्या मोठ्या ताणात पडलेली ही छोटी भर आणखीच किरकोळ ठरते, आणि बोटाला मात्र जास्त जोर लावावा लागतो. अर्ध्या तासाच्या प्रयोगानंतर माझ्या अनामिकेवर दोन समांतर काळ्या रेघा उमटल्या होत्या. पंधरा-सोळा वर्षांची मुले या तारांवर अमेरिकी तुकडे बसवण्यासाठी रात्र-रात्र धडपडत, याचा अर्थ बोटाला कळला.

गुरुवार, ५ सप्टेंबर २०२४

आजचा दिवस एकाच गाण्याचा. डेव्ह बेरी या शेफिल्डच्या गायकाचे ‘द क्राइंग गेम’, गीतकार जेफ स्टीव्हन्स, साल १९६४. ब्रिटिश यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलेले. आपल्या मंडळातल्या अनेकांना ते १९९२ च्या चित्रपटासाठी बॉय जॉर्जने पुन्हा गायलेल्या रूपात माहीत असेल. मूळ तबकडीतली गिटार सलिव्हन यांची आहे आणि तिच्याबद्दल वाद नाही.

ओळ संपते तिथे गिटार येते, पण छेडल्याचा आवाज येत नाही. तारेवर आघात झाल्याचा ‘टण्‌’ कापला गेला आहे. स्वर शून्यातून उगवतो, फुगतो, त्याचा रंग वाटेत बदलतो आणि तो ओघळत खाली येतो. डोळे मिटून ऐकले तर सारंगी आणि माणसाचा उसासा यांच्या मधले काहीतरी वाटते. हे कसे केले? पायाखाली डीआर्मंड कंपनीचे एक पेडल होते. त्याचा पाट पुढे-मागे दाबला की आवाजाची पातळी कमी-जास्त होते, आणि तोच पाट घोट्यातून डावीकडे-उजवीकडे फिरवला की ध्वनीचा पोत मंद किंवा टोकदार होतो. म्हणजे एकच पाऊल एकाच वेळी दोन दिशांनी हलवायचे, त्याच वेळी डाव्या हाताने तार खेचायची आणि उजव्याने ती अशा क्षणी छेडायची की आघात होईल तेव्हा पेडल बंदच असेल. पायाने ध्वनीचा रंग बदलणारे वाह-वाह पेडल बाजारात यायला अजून दोन-तीन वर्षे अवकाश होता.

ते पेडल माझ्याकडे नाही. साधे व्हॉल्यूम पेडल पायाखाली घेतले आणि टोनची कळ करंगळीने फिरवण्याचा प्रयत्न केला. सव्वा तासाने पहिली ओळ कशीबशी जमली. त्यातही पाय आणि करंगळी एकमेकांशी भांडल्यासारखी चालतात. पाय आधी पोहोचला तर ‘टण्‌’ ऐकू येते, उशिरा पोहोचला तर स्वर फुगण्याआधीच विझतो. मूळ तबकडीत या कसरतीचा मागमूस नाही. तीन मिनिटांच्या आत गाणे संपते आणि वादकाने काही अवघड केले असेल, अशी शंकाही येत नाही. साथ करणाऱ्याची पत मला तरी इथे दिसते. गायकाच्या ओळीत त्याने एकदाही पाय टाकलेला नाही. जिथे गायक श्वास घेतो तिथेच तो रडून घेतो.

मंगळवार, १० सप्टेंबर २०२४

गणपतीचा चौथा दिवस. कोपऱ्यावरच्या मंडळाचे स्पीकर संध्याकाळी पाच ते दहा, त्याआधी पथकाचा सराव. पेडलचे काम अशक्य. फक्त वाचन.

स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रण-सत्रांची दिनचर्या टिपून घेतली : दहा ते एक, दोन ते पाच, सात ते दहा. मधल्या वेळात गिटार आणि अँप्लिफायर गाडीत टाकून दुसरा स्टुडिओ गाठायचा. सकाळी प्रेमगीत, दुपारी जाहिरातीची धून, रात्री बँडच्या नावाने निघणारी पण बँडमधल्या मुलांना न जमलेली तबकडी. या फेऱ्यांत सलिव्हन यांच्या शेजारच्या खुर्चीवर पुष्कळदा तीनेक वर्षांनी लहान असलेला जिमी पेज असे. एक ‘बिग जिम’, तर दुसरा ‘लिटल जिम’. लिटल जिमने १९६६ मध्ये स्टुडिओतून पाय काढला आणि दोन वर्षांत लेड झेपेलिन हा बँड उभा केला. बिग जिम खुर्चीवर राहिले. यात त्यांचे काही चुकले, असे मला वाटत नाही.

मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंतल्या गोव्याच्या वादकांची आणि संयोजकांची आठवण इथे यावीच लागते. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनसाठी केलेले काम आपण बालपणापासून ऐकत आलो, नाव मात्र फार उशिरा कळले. ख्यालाच्या मैफलीत आपण तबलजीचे आणि पेटीवाल्याचे नाव आवर्जून घेतो, याचा मला अभिमान होता. मग आजोबांच्या संग्रहातल्या जुन्या तबकड्या काढून पाहिल्या. साथीदारांची नावे एकीवरही नाहीत.

बुधवार, १८ सप्टेंबर २०२४

विसर्जन मिरवणूक आज दुपारपर्यंत चालली. झोप अपुरी, तरी एक छोटा भाग पूर्ण केला.

हॅनवेल या लंडनच्या पश्चिम उपनगरात जिम मार्शल या ड्रम-शिक्षकाने १९६० मध्ये वाद्यांचे दुकान उघडले. दुकानात येणाऱ्या गिटारवादकांनी त्याच्याकडे अधिक दणकट आवाजाच्या अँप्लिफायरची मागणी लावून धरली. मार्शल स्वतः अशा गिऱ्हाइकांत रिची ब्लॅकमोर, पीट टाउन्सेंड आणि बिग जिम सलिव्हन यांची नावे घेत असे. १९६२ मध्ये फेंडर बासमन या अमेरिकी अँप्लिफायरच्या विद्युत-मंडलावर बेतलेला पहिला मार्शल अँप्लिफायर तयार झाला. जगभरच्या मंचांवर आज मागे उभ्या असलेल्या काळ्या खोक्यांच्या भिंतीची ही सुरुवात. ब्लॅकमोर जवळच हेस्टनमध्ये वाढलेला, सलिव्हन यांच्याकडून शिकलेला. डीप पर्पलप्रेमींसाठी सत्रात एवढे वाक्य पुरे.

शनिवार, २१ सप्टेंबर २०२४

सतारीचा भाग. याची मला पहिल्यापासून धाकधूक होती.

साठच्या दशकाच्या मध्यावर सलिव्हन यांनी सतार विकत घेतली आणि लंडनमध्ये नाझिर जयराजभॉय यांच्याकडे धडे घेतले. जयराजभॉय हे हिंदुस्थानी रागसंगीताचे अभ्यासक. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा उत्तर भारतीय रागांवरील ग्रंथ आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. म्हणजे फॅशन म्हणून भिंतीवर टांगायला घेतलेली सतार ही नव्हती. १९६७ मध्ये ‘सितार बीट’ ही सलिव्हन यांची तबकडी आली, आणि १९६८ मध्ये दुसरी, जिच्यावर वादकाचे नाव होते ‘लॉर्ड सितार’. हा लॉर्ड म्हणजे बीटल्समधला जॉर्ज हॅरिसनच, अशी अफवा पसरली आणि ती तबकडीच्या फायद्याचीच होती. स्वतःची तबकडी काढली तेव्हाही नाव दुसऱ्याचे धरले गेले, हे वाचून मी वही काही वेळ बाजूला ठेवली.

संध्याकाळी तबकडी घेऊन खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेले. काका पन्नास वर्षे सतार वाजवत आहेत. त्यांची सतार मिरजेची, तुंब्यावर जुन्या वळणाचे कोरीवकाम असलेली. दोन तुकडे त्यांनी शांतपणे ऐकले.

“हात तयार आहे,” ते म्हणाले. “पण हा सतारीवर गिटार वाजवतोय गं.”

“म्हणजे काय, काका?”

“पडद्यावरून पडद्यावर उड्या मारतोय. सुरावरून सुरावर चालत जायचं असतं. थांब.”

त्यांनी सतार काढली, मिजराब (बोटात घालायची तारेची नखी) चढवला आणि बाजाच्या, म्हणजे मुख्य, तारेवर एकच पडदा धरून तार खाली ओढली. षड्ज, रिषभ, गांधार, मध्यम, एकाच आघातात, एकाच बोटाखाली. मी वाकून पाहिले. पडदे कमानदार, दांडीपासून उंच उचललेले, त्यामुळे तार ओढताना बोट कशालाही घासत नाही. आणि बाजाची तार इतकी बारीक की माझी सतराची तार तिच्यापुढे दोरखंड वाटावी. कॉक्रनने एक तार बदलून जे एका स्वरापुरते मिळवले, त्यासाठीच हे अख्खे वाद्य घडवले गेले आहे.

“त्याला सांग, एक महिना पलटे बंद ठेव आणि नुसती मींड घास,” काका म्हणाले. सलिव्हन वारले आहेत, असे सांगितल्यावर काका थोडे ओशाळले आणि त्यांनी तबकडीची दुसरी बाजू लावायला सांगितली.

रविवार, २२ सप्टेंबर २०२४

रात्रभर काकांचे बोलणे डोक्यात होते. सकाळी दोन्ही ध्वनिमुद्रणे पाठोपाठ ऐकली, आधी १९६४ मधले गाणे, मग १९६७ मधली सतार. माझे मत आता पक्के झाले आहे आणि ते सत्रात सौम्य न करता मांडणार आहे : सलिव्हन यांची खरी मींड, म्हणजे तार ओढत सुरावरून सुरावर सरकत जाणे, सतारीच्या तबकड्यांत नाही, ती तीन वर्षे आधीच्या त्या प्रेमगीतात आहे. जेव्हा त्यांना मींड हा शब्दही बहुधा माहीत नव्हता, तेव्हा पाय, कळ आणि एक बोट यांच्या जुळणीतून त्यांनी ती स्वतःपुरती शोधली. सतार हाती आल्यावर मात्र त्या काळच्या लोकप्रिय पाश्चात्त्य धुना तिच्यावर बसवण्याच्या गडबडीत वाद्याचे मूळ सामर्थ्य पाठीमागे पडले. यात दोष वादकाचा कमी, बाजाराचा अधिक. १९६७ मध्ये लंडनमधल्या तबकडी कंपनीला सतारीचा झणकार हवा होता, आलाप नव्हे. तरीही झणकारावर समाधान मानण्याचा करार शेवटी वादकानेच केला, हेही खरे आहे.

शनिवार, २८ सप्टेंबर २०२४

रंगीत तालीम घरातच केली. पहिल्या खेपेला एक तास पंचावन्न मिनिटे झाली. गायक टॉम जोन्ससोबतची १९६९ ते १९७४ ही वर्षे, त्यांतले अमेरिकी दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रम आणि लास व्हेगास, हे सगळे तीन मिनिटांवर आणले. जेम्स लास्टच्या वाद्यवृंदातली पुढची वर्षे एका वाक्यात. श्रोत्यांनी चेहरा पाहावा म्हणून जोन्ससोबतचे एक चित्रण ठेवले आहे. तिथे निदान गायक सर्वांदेखत त्यांचे नाव घेतो. भरघोस दाढी, मोठी अंगकाठी, आणि वाजवताना चेहऱ्यावर हिशेबनीसाची शांतता.

वेढ्यांची तार तालमीतच तुटली. मित्राकडे शेवटची एक शिल्लक होती. ती आणली, पण सत्रापर्यंत तिला हात लावणार नाही.

बुधवार, २ ऑक्टोबर २०२४

उपस्थिती एकोणीस. बऱ्याच जणांच्या घरी आज पितरांचे जेवण असल्याने दोघे-तिघे उशिरा, तृप्त आणि पेंगुळलेले आले. काका पहिल्या रांगेत होते.

सुरुवात ठरवल्याप्रमाणे योगायोग न सांगता केली. ‘द क्राइंग गेम’ प्रथम कोणतीही माहिती न देता ऐकवले आणि विचारले, काय ऐकलेत? सगळ्यांनी गायकाबद्दल सांगितले. मग पुन्हा तेच गाणे लावले आणि एवढेच म्हटले की गायक थांबेल तिथे लक्ष द्या. दुसऱ्या खेपेला खोलीतल्या माना ओळीच्या शेवटी, एकाच वेळी, किंचित पुढे झुकताना मला दिसल्या. दीड-दोन महिन्यांच्या कामात मला काय सांगायचे होते ते तेवढ्यात सांगून झाले होते. बाकीचा तास मी त्याची कारणे देत होते.

प्रात्यक्षिकात दोन्ही गिटारी श्रोत्यांच्या हाती दिल्या. निवृत्त बँक अधिकारी असलेल्या एका सभासदांनी वेढ्यांची तार ढकलून पाहिली, बोट चोळले आणि “अहो, ही तर जागची हलतच नाही,” असे म्हणून ती शेजाऱ्याकडे सरकवली. साधी तार हातात आल्यावर त्यांनी ती चार-पाच वेळा वर-खाली खेचली आणि परत द्यायला तयार होईनात.

सतारीवरचे माझे मत मांडल्यावर काकांनी हात वर केला. मला वाटले, ते दुजोरा देतील. ते म्हणाले, दुसऱ्या बाजूवर एके ठिकाणी, तबला थांबतो त्यानंतर, त्याने एक स्वर नीट ओढला आहे, तो लाव. मी तो तुकडा यादीत घेतलाच नव्हता. लॅपटॉपवर शोधायला पाच-सात मिनिटे गेली, तोवर कोणीतरी चहा आत आणला. अखेर सापडला. दीड-दोन सेकंदांचा असेल : पडदा एक, स्वर खालून निघून वर पोहोचलेला, कुठेही न अडखळता.

“हा बघ,” काका म्हणाले. “हा शिकला होता.”

गुरुवार, ३ ऑक्टोबर २०२४

२२ सप्टेंबरच्या नोंदीत दुरुस्ती : ‘सतारीच्या तबकड्यांत नाही’ याऐवजी ‘सतारीच्या तबकड्यांत क्वचित’ असे वाचावे. काकांनी दाखवलेला तुकडा कापून, वेळ टिपून, मंडळाच्या संग्रहात वेगळा ठेवला.

वेढ्यांची तार मित्राला परत केली. व्हॉल्यूम पेडल अजून टेबलाखालीच आहे. दुसरी ओळ बसवायची राहिली आहे.